दारावरची पाटी आणि कमरेचं पिस्तूल

डॅलस किंवा ह्यूस्टनमध्ये एखाद्या रुग्णालयात, चित्रपटगृहात किंवा मोठ्या दुकानात शिरताना दारावर ठसठशीत अक्षरांतली एक लांबलचक पाटी दिसते. अर्धी इंग्रजीत, अर्धी स्पॅनिशमध्ये. मुलाकडे पहिल्यांदा आलेले आईवडील ती वाचू लागतात आणि दुसऱ्या ओळीला सोडून देतात, कारण मजकूर वकिलाच्या नोटिशीसारखा असतो. दंडसंहितेचं कलम ३०.०६, त्याला अनुसरून शासकीय संहितेच्या प्रकरण ४११, उपप्रकरण 'एच'खाली परवाना मिळालेल्या व्यक्तीने लपवलेलं पिस्तूल घेऊन या जागेत प्रवेश करू नये. शेजारी बहुधा तशीच दुसरी पाटी असते, कलम ३०.०७ची. ती पिस्तूल उघड दिसेल असं लावून फिरणाऱ्यांसाठी. २०२१नंतर काही दारांवर ३०.०५ची तिसरीही आली, कारण त्या वर्षी १ सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेक नागरिकांना परवान्याशिवायच पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली.

लुटायला आलेला माणूस पाटी वाचून परत फिरत नाही, हे ती लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही पाटी कायदा पाळणाऱ्यासाठी आहे. ज्याने बोटांचे ठसे दिले, पूर्वेतिहासाची तपासणी करून घेतली, वर्गात बसून कायदा शिकला, मैदानावर नेम दाखवला, शुल्क भरलं आणि पिस्तूल अंगावर लपवून बाळगण्याचा परवाना मिळवला, त्याला दुकानदार सांगतो आहे की सरकारने तुला परवानगी दिली असेल, माझ्या जागेत मी देत नाही. अमेरिकेत असे परवानाधारक दोन कोटींच्या घरात आहेत. शिवाय २०२४पर्यंत २९ राज्यांनी परवान्याची अट काढून टाकली होती. शर्टाखाली पिस्तूल घेऊन किराणा आणायला, केस कापायला, बाहेर जेवायला जाणारी माणसं तिथे रोज लाखोंनी असतात. त्यांची आणि दुकानदाराची गाठ दारात पडते, आणि बहुतेक वेळा एक शब्दही न बोलता.

या गाठीत अधिकार कुणाचा मोठा, हे आधी पाहू. अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ची. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क तिने मान्य केला, पण तो हक्क एकेका व्यक्तीचा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगितलं ते २००८मध्ये, हेलर खटल्यात, आणि तेही मुख्यतः घरात स्वसंरक्षणासाठी. घराबाहेरचा प्रश्न सुटायला २३ जून २०२२ उजाडला. ब्रुएन खटल्यात न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचा जुना नियम रद्द केला. पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल तर तुम्हाला इतरांपेक्षा वेगळी अशी काही खास गरज आहे हे दाखवा, अशी त्या राज्याची अट होती आणि तिची मुळं १९११च्या कायद्यापर्यंत जात होती. शाळा, सरकारी इमारती यांसारख्या 'संवेदनशील जागा' वगळता येतील, हे न्यायालयाने मानलं. पण गर्दी असते आणि पोलीस फिरतात एवढ्यावरून अख्खं मॅनहॅटन बेट संवेदनशील ठरवता येणार नाही, असंही न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी निकालपत्रात बजावलं.

हे सगळं बंधन मात्र सरकारवर आहे. आपल्याकडे मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचे असतात, तसंच तिथेही. खाजगी दुकानदार दुसऱ्या दुरुस्तीने बांधलेला नाही. वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून गिऱ्हाईक नाकारायला १९६४च्या नागरी हक्क कायद्याने बंदी घातली. पिस्तूल बाळगणं त्या यादीत नाही. आपल्या जागेत कुणाला येऊ द्यायचं हा मालकाचा हक्क अमेरिकेत फार जुना आणि फार जपलेला आहे. २०१२मध्ये जॉर्जियातल्या एका खटल्यात प्रार्थनास्थळांमध्ये पिस्तूल नेण्यावरच्या बंधनाला बंदूकवाद्यांनी आव्हान दिलं, तेव्हा अकराव्या सर्किटच्या, म्हणजे न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने याच हक्काचा आधार घेऊन ते फेटाळलं. स्वतःच्या जागेवर मालकाचा शब्द चालतो आणि दुसऱ्या दुरुस्तीने तो पुसला जात नाही, हे त्या निकालाचं सार.

तेव्हा मालकाला 'नाही' म्हणता येतं, याबद्दल फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तो त्याच्या पुढे. 'नाही' कसं म्हणायचं, किती मोठ्या अक्षरांत म्हणायचं, आणि मालक काहीच बोलला नाही तर त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ काय धरायचा?

टेक्ससची पाटी एवढी लांबलचक का, हे समजायला १६ ऑक्टोबर १९९१च्या दुपारकडे जावं लागतं. किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने आपली गाडी काच फोडून आत घातली आणि जेवणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या. २३ जणांचे प्राण गेले. सुझॅना हप त्या दिवशी आईवडिलांबरोबर तिथे जेवत होत्या. त्यांच्याकडे पिस्तूल होतं, पण बाहेर गाडीत. टेक्ससमध्ये तेव्हा ते अंगावर लपवून नेणं बेकायदा होतं आणि पकडलं गेलं तर कायरोप्रॅक्टर म्हणून काम करण्याचा आपला परवाना जाईल, ही त्यांना भीती होती. त्यांचे वडील आणि आई दोघंही त्या दिवशी मारले गेले. पुढे त्यांनी राज्याराज्यांत जाऊन साक्षी दिल्या आणि त्या स्वतः टेक्ससच्या विधिमंडळात निवडून आल्या. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी १९९३मध्ये या विषयावर जनमत घेण्याचं विधेयक नकाराधिकार वापरून अडवलं होतं. नंतरचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली आणि १९९६च्या पहिल्या दिवसापासून तो लागू झाला.

लगेच दारादारांवर पाट्या लागल्या. कुणी कागदावर हाताने लिहिलं, कुणी पिस्तुलावर लाल फुली मारलेलं चित्र चिकटवलं. परवानाधारक म्हणू लागले, आम्हाला गुन्हेगार ठरवायचं तर निदान आम्हाला दिसेल, कळेल असं तरी सांगा. त्यातून १९९७मध्ये कलम ३०.०६ आलं. मजकूर कायद्यात दिलेला, शब्दन् शब्द तसाच. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत. अक्षरं किमान एक इंच उंच, पार्श्वभूमीपेक्षा उठून दिसणारी, लोकांना सहज दिसेल अशा जागी. यातलं एक चुकलं तर परवानाधारकाला तिथून आत गेल्याबद्दल शिक्षा होणं अवघड. पाटी बरोबर असूनही लपवलेलं पिस्तूल घेऊन आत गेला तर २०० डॉलरपर्यंत दंड. तोंडी सांगूनही बाहेर पडला नाही, तर मात्र गुन्हा एकदम वरच्या वर्गात जातो: वर्षभरापर्यंत कैद आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. दुकानदारांच्या बाजूचे लोक म्हणतात, हे मुद्दाम अवघड करून ठेवलं आहे, 'नाही' म्हणणाऱ्याला अख्खी भिंत पाटीने भरायला लावली. त्यात तथ्य आहे. पण मला परवानाधारकांची बाजूही पटते. दंडाची, कैदेची टांगती तलवार ज्याच्यावर ठेवायची त्याला नियम दुरून वाचता आला पाहिजे.

मद्यालयांची गोष्ट आणखी वेगळी. जिथे निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथल्या तिथे प्यायच्या दारूतून येतं, तिथे टेक्ससमध्ये '५१%' असं लाल आकड्यांत लिहिलेली पाटी असते. तिथे पिस्तूल नेणं हा गंभीर गुन्हा आहे. ती मालकाची इच्छा नव्हे, राज्याचीच बंदी.

राज्य बदललं की पाटी बदलते. मिनेसोटाच्या २००३च्या कायद्याने अक्षराचा टाइपसुद्धा ठरवून दिला आहे: एरियल. काळी अक्षरं, दीड इंच उंच, किमान १८७ चौरस इंचांच्या उठावदार पार्श्वभूमीवर, दारापासून चार फुटांच्या आत, आणि पाटीची खालची कड जमिनीपासून चार ते सहा फुटांवर. एवढं सगळं करून, सांगूनही न जाणाऱ्याला पहिल्या वेळी दंड किती? जास्तीत जास्त २५ डॉलर. इलिनॉय हे नागरिकांना पिस्तूल लपवून नेऊ देणारं शेवटचं राज्य. अपील न्यायालयाने त्याची सरसकट बंदी २०१२च्या डिसेंबरात घटनाबाह्य ठरवली, म्हणून २०१३मध्ये नाइलाजाने कायदा आला. तिथली पाटी सहा इंच बाय चार इंच, पांढऱ्यावर काळं पिस्तूल, भोवती लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ. कलमाचा उल्लेख सोडला तर शब्द एकही नाही. आणि इंडियानासारखी बरीच राज्यं अशी आहेत की तिथे दुकानाच्या पाटीला कायद्याचं वेगळं बळ नाही. ती मालकाची विनंती. ती डावलून आत गेलात म्हणून गुन्हा होत नाही. मालकाने किंवा कर्मचाऱ्याने बाहेर जा म्हटलं आणि तुम्ही गेला नाहीत, तर मात्र परवानगीशिवाय जागेत थांबल्याचा गुन्हा.

परवानाधारकांच्या बोलण्यात म्हणून हा प्रश्न सतत येतो: या राज्यात पाटीला कायद्याचं बळ आहे का? नसेल तर त्यांच्यातले काही जण खांदे उडवतात. पिस्तूल नीट झाकलेलं असेल तर कुणाला कळणार आहे, असं त्यांचं म्हणणं. शर्टावरून पिस्तुलाचा आकार उमटू नये, याला ते 'प्रिंटिंग' न होणं म्हणतात. त्यासाठी सैल शर्ट, पँटच्या आतल्या बाजूला बसणारं होल्स्टर (पिस्तुलाचं आवरण), जाड चामड्याचा पट्टा अशी सगळी तयारी असते. काही जण पाटी दिसली की परत फिरतात आणि दुसऱ्या दुकानात जातात. जाताना काउंटरवर एक छोटं छापील कार्ड ठेवतात: बंदूक चालत नाही, तर आमचे पैसेही नाहीत. आणि तिसरे गाडीकडे परत जातात.

मला या तिसऱ्यांबद्दल सगळ्यात जास्त आदर आहे, कारण ही सगळी व्यवस्था त्यांच्याच प्रामाणिकपणावर चालते. पुण्या-मुंबईच्या मॉलच्या दारात धातुशोधक कमान असते, रक्षक पिशवी उघडून बघतो. अमेरिकेतल्या बहुतेक दुकानांच्या दारात असं काही नसतं. पिस्तूल दिसत नाही, मालक झडती घेत नाही. पाटी लावून तो समोरच्याच्या शब्दावर भरवसा टाकतो. ज्याने पाटी वाचली आणि कुणी बघत नसताना मागे फिरला, त्याने तो भरवसा राखला.

पण गाडीत परत जाणं तितकं सोपं नाही. माणूस गाडीत बसतो, शर्ट वर करतो, स्टिअरिंगच्या खाली हात नेतो, म्हणजे शेजारच्या गाडीतल्या कुणाला दिसू नये. जाणकार शिकवतात की पिस्तूल एकटं काढू नका, होल्स्टरसकट काढा. तसं केलं की चाप झाकलेला राहतो. भरलेलं पिस्तूल अडचणीच्या जागेत हाताळताना चापाला काहीही लागलं की गोळी सुटू शकते, आणि असे अपघात होतात. मग सीटखाली पोलादी केबलने बांधलेल्या पेटीत ते ठेवायचं, कुलूप लावायचं, अंगावर काही नाही ना बघून बाहेर पडायचं. परत आल्यावर हेच उलट क्रमाने. दिवसात चार दुकानं असतील तर चार वेळा. बरेच जण पेटी घेतच नाहीत आणि पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकतात. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा सगळ्यात मोठा स्रोत आता घरं नाहीत, गाड्या आहेत. दुकानाच्या वाहनतळावर कुणी दारापर्यंत जाऊन परत गाडीत आलं आणि मिनिटभर बसून पुन्हा उतरलं, तर गाडीत काय राहिलं हे चोराला सांगावं लागत नाही. किलीनमध्ये पिस्तूल गाडीत राहिलं म्हणून चळवळ उभी राहिली. आज ते गाडीत राहतं म्हणून चोरांच्या हाती जातं. बंदी घालणाऱ्या दुकानदाराने हेही लक्षात घ्यायला हवं.

वाहनतळावर एक वेगळंच भांडणही झालं. २००२मध्ये ओक्लाहोमातल्या व्हॅलिअंट इथल्या कागद कारखान्यात कामगारांच्या गाड्यांची तपासणी झाली आणि ज्यांच्या गाडीत बंदुका सापडल्या त्यांची नोकरी गेली. शिकारीच्या हंगामात गाडीत बंदूक असणं त्या भागात नवं नव्हतं. राज्यात संताप उसळला आणि २००४मध्ये कायदा झाला की कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालक मनाई करू शकणार नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००९मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात हरल्या. फ्लोरिडाने २००८मध्ये, टेक्ससने २०११मध्ये असेच कायदे केले. इथे मालकाचा हक्क मागे हटला आणि बंदुकीचा पुढे आला.

आता काउंटरवर येऊ. समजा एका गिऱ्हाइकाने वरच्या फळीवरची वस्तू घ्यायला हात वर केला, शर्ट सरकला आणि कर्मचाऱ्याला पिस्तुलाची मूठ दिसली. आता काय? तासाच्या पगारावर काम करणाऱ्या विशीतल्या मुलाने शस्त्रधारी माणसाला बाहेर जा म्हणायचं? स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी सप्टेंबर २०१३मध्ये जाहीर पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. बंदूकवादी तिथे मुद्दाम उघड पिस्तुलं लावून कॉफी प्यायला जमत होते आणि विरोधक बहिष्काराची हाक देत होते. शुल्ट्झ यांनी बंदी घातली नाही, बंदुका आणू नका अशी विनंती केली. कारण त्यांनीच दिलं: बंदी राबवायची म्हणजे आमच्या कर्मचाऱ्यांना शस्त्रधारी गिऱ्हाइकांच्या समोर उभं करावं लागेल, आणि ते मी करणार नाही. ऑगस्ट २०१९मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये हत्याकांड झालं. त्यानंतर महिन्याभरात वॉलमार्टनेही जवळपास तोच मार्ग धरला: उघड दिसणारी शस्त्रं आणू नका. परवाना घेऊन लपवलेल्या पिस्तुलाला त्यांनी हात लावला नाही.

दुकानाच्या एका नियमावरून गोष्ट किती बिघडू शकते, हे लास वेगासने २०१०च्या जुलैमध्ये पाहिलं. एका मोठ्या दुकानात एका परवानाधारक गिऱ्हाइकाच्या कमरेला पिस्तूल असल्याचं कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं. त्या दुकानात ते चालत नव्हतं. बोलाचाली झाली, पोलिसांना फोन गेला, दुकान रिकामं करायला सुरुवात झाली. बाहेर पडणाऱ्या गर्दीत तो माणूसही होता. दारातच पोलिसांनी त्याला गाठलं आणि काही क्षणांत तिघा पोलिसांच्या गोळ्यांनी तो मेला. मृत्युचौकशीतल्या पंचांनी पोलिसांचं कृत्य समर्थनीय ठरवलं, कुटुंबाने ते मान्य केलं नाही. फोनवर 'दुकानात बंदूकधारी आहे' हे तीन शब्द जे चित्र उभं करतात, ते पोलीस दाराशी पोचेपर्यंत पुसता येत नाही.

दुकानात शस्त्रधारी नागरिक असल्याने लोक वाचतात का, हा वाद उदाहरणांनी सुटत नाही, तरी उदाहरणं माहीत हवीत. १७ जुलै २०२२ला इंडियानातल्या ग्रीनवुडच्या मॉलमध्ये एकाने जेवणाच्या दालनात गोळीबार सुरू केला. तिघे मेले. मैत्रिणीबरोबर आलेल्या २२ वर्षांच्या तरुणाने आपलं पिस्तूल काढून काही सेकंदांत हल्लेखोराला पाडलं. त्या मॉलच्या नियमावलीत शस्त्रांना मनाई होती. इंडियानात तो नियम मोडणं हा स्वतःहून गुन्हा नसल्याने तरुणावर काही आलं नाही, आणि मॉलनेही त्याचे आभार मानले. याउलट २०१४च्या जूनमध्ये लास वेगासच्या वॉलमार्टमध्ये एक परवानाधारक हल्लेखोराच्या मागे गेला. हल्लेखोराची बायकोही सामील आहे हे त्याला माहीत नव्हतं, आणि तिने त्याला मारलं. जून २०२१मध्ये कोलोरॅडोच्या अर्वाडा इथे एकाने हल्लेखोराला टिपलं, त्याची रायफल उचलली, आणि धावत आलेल्या पोलिसाने त्यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. तिघांचंही धैर्य सारखंच. त्यातले दोघे घरी परतले नाहीत. दुकानदाराने यातून एकच शिकावं: आपला निर्णय काहीही असो, त्याची किंमत कुणीतरी देणार आहे.

ही जोखीम कायद्यातही शिरली आहे. विस्कॉन्सिनने २०११मध्ये ठरवलं की जो मालक पिस्तुलाला मनाई करत नाही, त्याच्यावर त्या निर्णयापायी भरपाईचा दावा चालणार नाही. टेनेसीत २०१६मध्ये आधी उलट विचार होता: मनाई करणाऱ्याच्या दुकानात कुणी जखमी झालं तर त्यालाच जबाबदार धरायचं. तो पुढे सौम्य झाला आणि मनाई न करणाऱ्याला संरक्षण एवढंच उरलं. पण झुकतं माप कुणाला, हे मालकांना कळायचं ते कळलं.

आता गप्प बसण्याच्या अर्थाकडे. कित्येक दशकं देशभर रीत अशी होती की पाटी नसेल तर परवानाधारकाला आत जायला हरकत नाही. ब्रुएनच्या निकालानंतर न्यूयॉर्कने ही रीत उलटी केली: मालकाने स्पष्ट होकार दिला नसेल तर नकार समजा. हवाईने २०२३मध्ये तोच नियम केला. मालकाने तोंडी, लेखी किंवा पाटी लावून परवानगी दिली तरच पिस्तूल आत. मावी बेटावरचे तीन परवानाधारक न्यायालयात गेले. पेट्रोलपंपावर, किराणा दुकानात, खाणावळीत प्रत्येक ठिकाणी आधी विचारत बसायचं असेल तर परवाना असून नसून सारखाच, असं त्यांचं म्हणणं. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये हवाईचा नियम ग्राह्य धरला. त्याच निकालात कॅलिफोर्नियाचा मात्र अडवला, कारण तिथे होकार फक्त ठरावीक पाटी लावूनच देता येत होता. मालकाला तोंडाने 'ये' म्हणता येतं का, एवढ्यावर दोन राज्यांचं भवितव्य वेगळं झालं. दरम्यान न्यूयॉर्कमधला तसाच नियम लोकांसाठी खुल्या असलेल्या दुकानांपुरता दुसऱ्या सर्किटने रोखला होता. दोन अपील न्यायालयं दोन दिशांना गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये हवाईचं प्रकरण हाती घेतलं आणि जानेवारी २०२६मध्ये त्यावर युक्तिवाद झाले.

ब्रुएनने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे शस्त्राबद्दलचा कुठलाही नियम देशाच्या जुन्या परंपरेत बसतो हे सरकारला दाखवावं लागतं. हवाईने दोन जुने कायदे पुढे केले: न्यू जर्सीचा १७७१चा आणि लुइझियानाचा १८६५चा. पहिला बराचसा परक्याच्या जमिनीत घुसून शिकार करणाऱ्यांविरुद्ध होता. दुसरा अधिक बोचरा आहे. यादवी युद्ध संपल्याबरोबर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना पुन्हा जखडायला जे कायदे केले, त्यांच्या काळातला तो. जमीन गोऱ्यांची, राबणारे काळे. मालकाच्या परवानगीशिवाय जमिनीवर बंदूक नाही म्हणजे कुणाच्या हातात नाही, हे उघड होतं. माणसांना निःशस्त्र करायला केलेला कायदा आज परंपरा म्हणून मोजावा का, हा प्रश्न मला पिस्तुलापेक्षा मोठा वाटतो. हवाईला आपला नियम राखायचा असेल तर त्याने यापेक्षा स्वच्छ आधार शोधायला हवा होता.

सरकारी जागा आणि खाजगी आयोजक असा गुंता असेल तर? डॅलसच्या फेअर पार्कमध्ये दर शरदात टेक्ससची राज्य जत्रा भरते. मैदान शहराच्या मालकीचं, जत्रा भरवणारी संस्था खाजगी. टेक्ससमध्ये सरकारी मालकीच्या जागेवर ३०.०६ची पाटी लावून परवानाधारकांना अडवता येत नाही, उलट अशी पाटी लावणाऱ्या सरकारी कार्यालयालाच दंड होतो. २०२३च्या जत्रेत गोळीबार होऊन तीन जण जखमी झाले आणि २०२४मध्ये संस्थेने जत्रेत पिस्तुलांना बंदी केली. राज्याचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन शहर आणि संस्था दोघांविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांना मनाईहुकूम मिळाला नाही, टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयानेही ऐनवेळी हस्तक्षेप करायला नकार दिला, आणि त्या वर्षीची जत्रा बंदीसह पार पडली.

माझं मत सांगायचं तर जागा ज्याची, नियम त्याचा. त्याने 'नाही' म्हटलं तर कारण विचारू नये. पण त्याने गप्प बसणं मला मान्य नाही. गप्प दुकानात कर्मचाऱ्याला काय करायचं माहीत नसतं, गिऱ्हाइकाला आपण कुठे उभे आहोत माहीत नसतं, आणि लास वेगाससारखा फोन तिथूनही जाऊ शकतो.

अमेरिकेत दुकान, उपाहारगृह किंवा मोटेल चालवणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत, आणि मंडळांचे गणेशोत्सव, दिवाळीचे कार्यक्रम भाड्याच्या सभागृहांत, शाळांमध्ये होतात. त्यांना माझी विनंती आहे. मनाई करायची असेल तर आपल्या राज्याच्या कायद्यात दिलेलाच मजकूर, दिलेल्याच मापात, दिलेल्याच जागी लावा. मंडळाने सभागृह घेताना त्या जागेचा नियम कार्यक्रमाच्या निमंत्रणातच लिहावा. कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की पिस्तूल दिसलं म्हणजे लगेच आरडाओरडा नको. शांत शब्दांत विनंती करा, नाही ऐकलं तर दूर होऊन पोलिसांना कळवा, आणि फोनवर माणूस काय करतो आहे ते नेमकं सांगा: त्याने धमकी दिली, की तो नुसता भाजी निवडतो आहे. आणि ज्या मराठी तरुणांनी परवाना घेतला आहे, त्यांनी बाहेर जा म्हटल्याबरोबर बाहेर पडावं. कायदा आपल्या बाजूने आहे असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जावं, त्या दिवशी काउंटरवर वाद घालू नये. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, आणि तिथल्या पाटीचा अर्थही वेगळा असतो. सीमा ओलांडण्याआधी दोन्ही वाचून घ्या.